संशयात्मा थॉमस

मुंबईचें चर्चगेट स्टेशन आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांस ठाऊक असेल. तेथें उतरून कचेरीस जाणारी माणसें तर घरोघर आहेत. परंतु ज्या चर्चवरून हें गेट झालें तें चर्च कोणतें, असें यांपैकीं कोणास विचारलें तर दहांतले नऊ जण घुटमळतात. जुन्या मुंबईस कोट होता व कोटास दरवाजे होते. त्यांपैकीं पश्चिमेच्या दरवाजास जवळच्या एका देवळावरून नांव पडलें. हें देऊळ बांधण्यास गव्हर्नर जेरल्ड आँजिए यानें १६७६ मध्यें आरंभ केला. पुढें चाळीस वर्षें भिंती अर्ध्याच उभ्या राहिल्या. शेवटीं रिचर्ड कॉब नांवाच्या पाद्र्यानें खटपट करून काम तडीस नेलें आणि १७१८ च्या नाताळांत तें उपासनेसाठीं उघडलें. कोट १८६० नंतरच्या दशकांत पाडला गेला, त्याबरोबर दरवाजाही गेला. दरवाजाचें नांव मात्र आगगाडीच्या स्टेशनास चिकटून राहिलें. तें देऊळ सेंट थॉमस याच्या नांवाचें आहे.

आपल्या घरांतून ख्रिस्ती धर्माची गोष्ट निघाली म्हणजे ती बहुधा गोव्याच्या फिरंग्यांपासून सुरू होते आणि रेव्हरंड टिळक व पंडिता रमाबाई यांच्यापाशीं येऊन थांबते. हा धर्म साहेबाच्या गलबतांतून आला व साहेबाच्या बंदुकीच्या आड वाढला, ही समजूत आपल्या मनांत इतकी खोल रुजली आहे कीं तिची फेरतपासणी करण्याची गरजच कोणास वाटत नाहीं. गोव्यापुरती ती पुष्कळशी खरीही आहे. परंतु वास्को-द-गामा १४९८ सालीं कालिकतास पोंचला तेव्हां मलबारांत ख्रिस्ती लोक अगोदरच होते. ते मिरीचा व्यापार करीत, हिंदु राजांच्या पदरीं शस्त्र धरीत, प्रार्थना सिरियन भाषेंत म्हणत, आणि आपणांस 'मार तोम्मा नसरानी', म्हणजे नाझरेथकर येशूचे थॉमसपंथी अनुयायी, म्हणवीत. त्यांच्या परंपरेप्रमाणें येशूचा हा शिष्य इसवी सन ५२ मध्यें स्वतः त्यांच्या किनाऱ्यावर उतरला होता. तें खरें धरलें तर हिंदुस्थानांतील ख्रिस्ती धर्म युरोपांतील बहुतेक देशांच्या ख्रिस्ती धर्मापेक्षां वडील ठरतो. या म्हणण्यांत इतिहास किती व श्रद्धा किती, आणि तें कळण्यानें कोणाचें काय बिघडतें अगर सुधरतें, हें आम्हांस येथें पाहावयाचें आहे.

आधीं माणूस पाहूं. येशूचे प्रमुख शिष्य बारा. त्यांत पीटर अग्रगण्य, जॉन आवडता, ज्यूडास विश्वासघातकी, आणि थॉमस हा संशयी म्हणून प्रसिद्ध आहे. मराठी बायबलांत याचें नांव थोमा असें येतें. तें अरामी भाषेंतील असून त्याचा अर्थ जुळा असा होतो. तो कोणाचा जुळा भाऊ होता हें शुभवर्तमानांत कोठेंच सांगितलेलें नाहीं. पहिल्या तीन शुभवर्तमानांत तर तो केवळ यादींतला एक आहे. त्यास तोंड फुटतें तें योहानाच्या शुभवर्तमानांत, आणि तेंही मोजून थोड्याच वेळां.

पहिला प्रसंग असा. येशूचा स्नेही लाजारस आजारी पडून वारला. त्याचें गांव यरुशलेमच्या अगदीं जवळ, आणि तेथल्या लोकांनीं येशूस दगडमार करण्याचा घाट नुकताच घातलेला. बाकीचे शिष्य त्यास जाऊं नका म्हणून विनवूं लागले. थॉमस मात्र सोबत्यांस म्हणाला, आपणही जाऊं आणि यांच्याबरोबर मरूं. म्हणजे हा गृहस्थ भित्रा खास नव्हता. दुसरा प्रसंग शेवटच्या भोजनाचा. मी कोठें जातों तें व तिकडची वाट तुम्हांस ठाऊक आहे, असें येशू म्हणाला. सगळे गप्प बसले. वर्गांत मुलें समजल्यासारख्या माना डोलवीत असतां एखादाच विद्यार्थी उठून 'गुरुजी, मला नाहीं समजलें' म्हणतो, तसा थॉमस उठला आणि तुम्ही जातां कोठें हेंच जर आम्हांस ठाऊक नाहीं तर वाट कशी ठाऊक असणार, असें त्यानें सरळ विचारलें. त्या प्रश्नास येशूनें जें उत्तर दिलें, आपणच ती वाट आहों हें, तें आज ख्रिस्ती धर्माच्या मुख्य वचनांत गणलें जातें. प्रश्न आला नसता तर उत्तरही आलें नसतें.

तिसरा प्रसंग सर्वश्रुत आहे. येशू थडग्यांतून उठला व शिष्यांस भेटला. त्या वेळीं थॉमस घरांत नव्हता. परत आल्यावर इतरांनीं आनंदानें बातमी सांगितली. यानें म्हटलें, हातांतल्या खिळ्यांच्या खुणा पाहिल्याशिवाय, त्यांत बोट घातल्याशिवाय, कुशींतल्या जखमेंत हात घातल्याशिवाय आपण विश्वास ठेवणार नाहीं. आठ दिवसांनीं येशू पुन्हा आला. त्यानें थॉमसला रागें भरलें नाहीं. हात पुढें केला आणि घाल बोट म्हणून सांगितलें. थॉमसनें त्यास आपला प्रभु व आपला देव म्हणून संबोधिलें. इतका स्पष्ट उद्गार त्या ग्रंथांत दुसऱ्या कोणाही शिष्याच्या तोंडीं नाहीं. गंमत अशी कीं, थॉमसनें खरोखर बोट घातलें असें योहान कोठेंही लिहीत नाहीं. पुढच्या चित्रकारांनीं मात्र घालावयास लाविलें. इटालियन चितारी काराव्हाज्जो याच्या चित्रांत तर बोटाचें पेर जखमेंत शिरलेलें दिसतें आणि पाहणाऱ्याच्या अंगावर शहारा येतो.

संशयी या शब्दास आपल्या बोलण्यांत एक वाईट वास आहे. 'तो मोठा संशयी आहे' असें आपण म्हणतों तें कोणाची स्तुति करण्यासाठीं नव्हे. परंतु ज्यांच्या घरीं न्यायशास्त्राचें अध्ययन झालें आहे त्यांस आठवेल कीं, गौतमानें सोळा पदार्थ सांगितले त्यांत प्रमाण व प्रमेय यांच्या लगोलग तिसरा संशय आहे. संशयाशिवाय विचारास आरंभच नाहीं. या दृष्टीनें थॉमस हा आम्हांस बारांतला सर्वांत नैयायिक वाटतो, आणि त्याचीच कथा पुढें सर्वांत जास्त संशयास्पद व्हावी हा योगायोग मौजेचा आहे.

ती कथा 'थॉमसचीं कृत्यें' नांवाच्या ग्रंथांत आहे. हा ग्रंथ इसवी सनाच्या तिसऱ्या शतकांत सिरियन भाषेंत, बहुधा एडेसा शहरीं रचला गेला. एडेसा म्हणजे हल्लींच्या तुर्कस्तानांतील उर्फा. त्यांत लिहिलें आहे कीं, शिष्यांनीं चिठ्ठ्या टाकून जगाची वांटणी केली व थॉमसच्या वांट्यास हिंदुस्थान आला. थॉमसनें साफ नाकारलें. प्रकृति अशक्त, आपण हिब्रू माणूस, त्या लोकांस आपण काय शिकविणार! रात्रीं येशूनें दर्शन देऊन धीर दिला, तरी हा हलेना. त्या सुमारास हब्बान नांवाचा एक व्यापारी, गुंदफर राजासाठीं कुशल सुतार पाहिजे म्हणून बाजारांत हिंडत होता. येशूनें त्यास गांठून थॉमस आपला गुलाम आहे असें सांगितलें आणि खरेदीखत करून विकूनही टाकला. व्यापाऱ्यानें थॉमसला विचारलें, हा तुझा धनी काय? थॉमसला होय म्हणण्यावांचून गत्यंतर नव्हतें. दुसरे दिवशीं तो मुकाट्यानें गलबतावर चढला.

गुंदफर राजानें त्यास वाडा बांधण्याची कामगिरी सांगितली व पुष्कळ द्रव्य दिलें. थॉमसनें तें सर्व गोरगरिबांस वांटलें. राजा अधूनमधून चौकशी करी. वाडा उभा झाला, छप्पर तेवढें राहिलें आहे, असा निरोप थॉमस पाठवी, आणि राजा छपरासाठीं आणखी पैसे धाडी! अखेरीस राजा स्वतः आला तों तेथें वीटसुद्धां नाहीं. वाडा कोठें आहे? वाडा झाला आहे, पण तो तुम्हांस हें जग सोडल्यावर दिसेल, असें थॉमस म्हणाला. राजानें त्यास तुरुंगांत टाकलें व कातडी सोलून जाळावें असें मनांत आणिलें. त्याच रात्रीं राजाचा भाऊ गाद हा मरण पावला, स्वर्गांत गेला, आणि तेथील एक भव्य वाडा पाहून त्याच्या खालच्या दालनांत तरी राहूं द्या म्हणूं लागला. हा तुझ्या भावाचा, थॉमसनें बांधलेला, असें त्यास कळलें. वाडा भावापासून विकत घेण्यासाठीं गाद पुन्हा जिवंत झाला, आणि अर्थात् थॉमस सुटला. सरकारी बांधकामाचा असा हिशेब कोणत्याही ऑडिटरास पटणार नाहीं; तथापि युरोपांतील गवंडी, सुतार व शिल्पी यांनीं थॉमसला आपला पालक संत मानलें तें या कथेमुळेंच, आणि चित्रांत त्याच्या हातीं गुण्या असतो तोही यामुळेंच.

एकोणिसाव्या शतकापर्यंत विद्वान् लोक ही केवळ भाकडकथा समजत. गुंदफर नांवाचा राजा कोणाच्याही इतिहासांत नव्हता. मग १८३० नंतरच्या वर्षांत चार्ल्स मॅसन यानें काबूलच्या आसपास जुन्या नाण्यांचे ढीग गोळा केले, आणि त्यांतून एका बाजूस ग्रीक व दुसऱ्या बाजूस खरोष्ठी अक्षरें असलेला गोंडोफरीस राजा बाहेर आला. पुढें पेशावरच्या मुलखांत तख्त-इ-बाही येथील शिलालेख वाचला गेला. त्यांत या राजाचें २६ वें वर्ष व चालू शकाचें १०३ वें वर्ष दिलें आहे. तो शक विक्रमाचा धरला तर लेख इसवी सन ४६ च्या सुमाराचा व राज्यारोहण २० च्या सुमाराचें येतें, म्हणजे नेमका थॉमसचा काळ. आपल्याकडे नाशिकजवळ जोगळटेंभीस १९०६ सालीं तेरा हजारांवर नाणीं सांपडलीं आणि नहपानाच्या छापावर गौतमीपुत्राचा छाप पाहून एका युद्धाचा निकाल कळला, तशांतलाच हा प्रकार.

परंतु येथें उतावीळ होऊन चालणार नाहीं. राजा खरा ठरला म्हणून कथा खरी ठरत नाहीं. विक्रमादित्य झाला असला तरी वेताळ झाडास लोंबकळत होता असें कोण म्हणेल? शिवाय गोंडोफरीसचें राज्य तक्षशिलेकडे, पंजाबांत व अफगाणिस्तानांत. मलबार तेथून शेंकडों कोस दूर. त्या सिरियन ग्रंथांत मलबारचें नांवही नाहीं. चौथ्या शतकांतील ख्रिस्ती ग्रंथकार थॉमसला हिंदुस्थानांत पाठवितात हें खरें. पण त्यापूर्वींचा ओरिजेन त्याच्या वांट्यास पार्थिया देतो. त्या काळच्या पाश्चात्यांची 'इंडिया' तर इतकी ऐसपैस होती कीं तींत अरबस्थान व हबसाणही सामावून जात. दुसरें असें कीं, चौथ्या शतकांत इराणकडून आलेला काना येथील थॉमस नांवाचा एक व्यापारी केरळच्या परंपरेंतच आहे. दोन थॉमसांची मागाहून सरमिसळ झाली असावी, अशी शंका पुष्कळ संशोधकांनीं घेतली आहे.

उलट बाजूसही बोलण्यासारखें आहे. पहिल्या शतकांत मिसर देशाहून पावसाळी वाऱ्यावर गलबतें सोडून थेट मलबारांत येण्याची वहिवाट पडली होती. 'पेरिप्लस' नांवाच्या ग्रीक दर्यावर्दी पुस्तकांत मुझिरिस बंदराचें वर्णन आहे. त्यांतच आपलें कल्याण, चौल, पैठण व तेरही आहेत. रोमचें द्रव्य दरसाल पांच कोटि सेस्टर्स हिंदुस्थानांत जातें म्हणून प्लिनी हळहळला तो याच काळांत. कोडुंगल्लूरजवळ पट्टणम् येथें २००७ पासून उत्खनन झालें तेव्हां भूमध्य समुद्राकडच्या दारूच्या कुंभांचीं खापरें मुबलक निघालीं. ज्या वाटेनें दारू आली त्या वाटेनें एक यहुदी सुतार येऊं शकला असता, यांत अशक्य कांहींच नाहीं. आमचें मत विचाराल तर तें इतकेंच: येणें शक्य होतें, आल्याचा समकालीन पुरावा नाहीं. २००६ सालीं पोप सोळावे बेनेडिक्ट यांनीं आपल्या भाषणांत थॉमस पश्चिम हिंदुस्थानापर्यंत आला व तेथून धर्म दक्षिणेस पसरला अशा अर्थाचें विधान केलें, तेव्हां केरळांत एवढी नाराजी उठली कीं छापील मजकुरांत दुरुस्ती करावी लागली. खुद्द धर्मगुरूसही जेथें जपून बोलावें लागतें तेथें आम्ही कोण?

आमच्या वाचकांच्या विशेष कुतूहलाचा भाग पुढेंच आहे. मलबारांतील जुनीं ख्रिस्ती घराणीं आपण मूळचे नंबुद्री ब्राह्मण असल्याचें सांगतात. पालयूर गांवच्या तळ्यावर ब्राह्मण तर्पण करीत होते. ओंजळीनें वर उडविलेलें पाणी तुमच्या देवांस पोंचत असेल तर खालीं कां पडतें, असें थॉमसनें विचारलें, स्वतः पाणी उडविलें, आणि तें थेंब अधांतरीं राहिले. कित्येकांनीं बाप्तिस्मा घेतला. उरलेले गांवास शाप देऊन निघून गेले. येथें अडचण अशी कीं, केरळांत पहिल्या शतकांत ब्राह्मणांच्या वसाहती असल्याचा पुरावा नाहीं. त्या पुष्कळ शतकांनंतरच्या, असें इतिहासकारांचें म्हणणें आहे. म्हणजे ही कथा कुलीनतेच्या हव्यासांतून निघाली असावी. त्यावर हंसण्यापूर्वीं आपण आपल्या घरचीं कुलवृत्तान्ताचीं पानें उलटावींत. परशुरामानें समुद्र मागें हटवून कोंकण निर्माण केला व तेथें आमचे पूर्वज वसविले, हें आमचे वडीलधारे जितक्या गंभीरपणें सांगतात तितक्याच गंभीरपणें नंबुद्री केरळाविषयीं तेंच सांगतात. त्याच भूमीवरचे नसरानीही जर आपला पूर्वज थोर कुळांतून आणूं लागले तर त्यांनीं तो धडा शेजाऱ्यांपासूनच घेतला असें म्हटलें पाहिजे. आणि धडा पुरता घेतला; सोंवळें-ओंवळें व जातीची उतरंड हींही त्यांनीं शतकानुशतकें निष्ठेनें पाळलीं.

थॉमसच्या मृत्यूच्या कथा तीन आहेत, आणि त्या एकमेकींशीं जुळत नाहींत. सिरियन ग्रंथाप्रमाणें मज्दाई राजाच्या हुकुमानें चार शिपायांनीं त्यास डोंगरावर भाल्यांनीं मारलें. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो यानें मद्रास किनाऱ्यावरची हकीकत लिहिली तींत तो झोंपडीबाहेर प्रार्थना करीत असतां भोंवतीं मोर जमले होते. एका पारध्यानें मोरावर सोडलेला बाण चुकून त्यास लागला. मयिलापूर म्हणजे मोरांचें गांव, तेव्हां ही कथा गांवाच्या नांवाशीं तरी जुळते. थॉमस ब्राह्मणांच्या हातून मारला गेला, ही तिसरी गोष्ट पोर्तुगीज काळच्या लेखांतून व केरळी गीतांतून येते. खून कोणी केला याचा तपास जसजसा काळ लोटला तसतसा बदलत गेला, एवढें यावरून दिसतें. पोलोच्या वेळीं त्या थडग्यास ख्रिस्ती व मुसलमान दोघेही भजत आणि तेथली माती तापकऱ्यास औषध म्हणून नेत. त्याच्याही चारशें वर्षें आधीं, ८८३ सालाखालीं, इंग्लंडच्या आल्फ्रेड राजानें हिंदुस्थानांतल्या सेंट थॉमसला दानधर्म पाठविल्याची नोंद इंग्रजांच्या जुन्या बखरींत आहे. अस्थि मात्र चौथ्या शतकापासून एडेसास होत्या. १२५८ पासून त्या इटलींतील ओर्तोना गांवीं आहेत. त्यांतील हाताचें एक हाड १९५३ सालीं कोडुंगल्लूरला परत आणण्यांत आलें.

मयिलापूरच्या सांतोमे चर्चची हल्लींची इमारत १८९६ सालची आहे. त्याच परिसरांत समुद्रकांठीं कपालीश्वराचें प्राचीन देवालय होतें. पोर्तुगीजांच्या अमलांत तें गेलें आणि हल्लींचें देवालय आंत सरकून मागाहून बांधलें गेलें. चर्चच्या जागेंत जुन्या देवळाचे लेख असलेले दगड सांपडले आहेत. एका संताच्या समाधीसाठीं दुसऱ्याच्या देवाचें घर जावें, हा हिशेब कोणत्याही वाड्याच्या कथेनें भरून येणारा नाहीं. मात्र तो थॉमसच्या नांवें मांडूं नये; त्याच्या खातेदारांच्या नांवें मांडावा.

आतां पुराव्याच्या पक्क्या जमिनीवर येऊं. सहाव्या शतकांत कॉस्मास नांवाच्या अलेक्झांड्रियाच्या व्यापाऱ्यानें लिहून ठेवलें आहे कीं, मिरी पिकते त्या मलबारांत ख्रिस्ती मंडळी आहे आणि कल्याण येथें इराणहून नेमलेला बिशप आहे. बहुतेक विद्वान् हें कल्याण ठाणें जिल्ह्यांतलेंच समजतात. (१९८८ सालीं मलबारी ख्रिस्त्यांसाठीं कल्याणास पुन्हा बिशपचें पीठ स्थापन झालें, लोकलनें रोज जाणाऱ्यांस याचा पत्ताही नसेल.) ८४९ सालीं वेणाडचा अधिपति अय्यन् अडिगळ यानें कोल्लमच्या चर्चला ताम्रपट करून दिले. त्यांत बाजाराचीं वजनें-मापें सांभाळण्याचा अधिकारसुद्धां चर्चकडे सोंपविला आहे. साक्षीदारांच्या सह्या पहलवी, अरबी व हिब्रू अक्षरांत आहेत. हिंदु राजाचें दान, ख्रिस्ती देऊळ, आणि साक्षीस पारशी, मुसलमान व यहुदी! पहलवी अक्षरें कोरलेले दगडी क्रूस मयिलापूरच्या टेंकडीवर व केरळांत आहेत. तसलाच एक २००१ सालीं गोव्यांत आगशीस मिळाला.

या मंडळीवर खरें संकट आलें तें हिंदु राजांकडून नव्हे. १५९९ च्या जून महिन्यांत गोव्याचे आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यांनीं कोचीनजवळ उदयंपेरूर येथें धर्मसभा भरविली. नसरान्यांचे सिरियन ग्रंथ पाखंडी ठरविले. कांहीं सुधारावयास लाविले, पुष्कळ जाळले. हिंदूंशीं मिळत्या कित्येक चालींवर बंदी घातली. सभेच्या ठरावांत दोन मतांचा विशेष निषेध आहे. थॉमसचा मार्ग वेगळा व पीटरचा वेगळा, हें एक. प्रत्येक मनुष्य आपापल्या धर्मानें तरूं शकतो, हें दुसरें. आणि हें दुसरें मत या लोकांस हिंदूंच्या शेजारामुळें जडलें, असा शेराही आहे. ज्या चुकीबद्दल त्यांस दोष दिला ती चूक आपल्या घरांत कोणी केली तर आपण तिला शहाणपण म्हणतों.

आमच्या वाचकांत गोमंतकांतून आलेलीं घराणीं आहेत. कुशस्थळीचा मंगेश १५६० च्या सुमारास रात्रींतून नदीपार प्रियोळास कां न्यावा लागला, हें त्यांस सांगावयास नको. ज्या गोव्याच्या धर्मसत्तेमुळें त्यांचे देव परागंदा झाले, त्याच धर्मसत्तेनें मलबारांतील ख्रिस्त्यांचीं पुस्तकें जाळलीं. आज इतिहासकार नसरान्यांस विचारतात, सोळाव्या शतकापूर्वींचीं तुमचीं दफ्तरें दाखवा. त्या आगींत थॉमसच्या आगमनाचा पुरावा जळाला, असें म्हणण्यास आधार नाहीं. ते बहुतांशीं प्रार्थनेचे व धर्मविषयक ग्रंथ असावेत. परंतु ज्याचें घर जळालें आहे त्याजकडे कागद मागतांना आवाज थोडा खालीं असावा, असें आम्हांस वाटतें.

याच धर्मसत्तेच्या छायेंत, त्याच काळीं, एका दुसऱ्या थॉमसनें आपल्या भाषेवर मोठा उपकार करून ठेवला हेंही विसरतां येत नाहीं. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज १५७९ सालीं गोव्यास आला आणि त्याचें मराठी ओंवीबद्ध 'क्रिस्तपुराण' १६१६ सालीं रायतूर येथें छापून निघालें. जुनीं पुराणें हिरावली गेलेल्या नवख्रिस्त्यांस वाचावयास कांहीं तरी हवें होतें, ही त्या ग्रंथाची निकड होती. एतियेन द ला क्रुआ या फ्रेंच जेझुइटानें १६२९ मध्यें पीटरवर मराठींत मोठें पुराण रचलें. पीटरचें पुराण मराठींत झालें, थॉमसचें राहिलें!

मलबारांतील धुसफूस चोपन्न वर्षें टिकली. १६५२ सालीं पश्चिम आशियाहून आलेला एक बिशप मयिलापुरास पोर्तुगीजांनीं अडकविला. त्यास समुद्रांत बुडविल्याची बातमी पसरली. ती खोटी होती, पण लोकांस ती सहज खरी वाटली यांतच सगळें आलें. ३ जानेवारी १६५३ रोजीं मट्टांचेरीस नसरानी जमले. क्रूसास हात लावून शपथ घ्यावयाची तर गर्दी फार. म्हणून क्रूसास दोर बांधले आणि ते दोर धरून हजारोंनीं जेझुइटांचा अधिकार मानणार नाहीं अशी शपथ घेतली. ओढीनें क्रूस वांकला, म्हणून ती 'वांकड्या क्रूसाची शपथ' म्हणून प्रसिद्ध आहे. पुढें दोन तट पडले, दोनांचे अनेक झाले. रोमकडचे, अंत्योखकडचे, स्वतंत्र, सुधारक. त्यांतल्या दोन तटांचा चर्चच्या मालकीबद्दलचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला व त्याचा निकाल २०१७ सालीं लागला. तारीख ३ जुलै, म्हणजे थॉमसची पुण्यतिथि. भाऊबंदकी कोणत्या धर्मांत नाहीं?

या भांडणांतून जें शिल्लक राहिलें तें घरांत राहिलें. नसरानी वर वधूच्या गळ्यांत सोन्याचें पानाच्या आकाराचें 'मिन्नु' बांधतो. मण्यांनीं त्यावर क्रूस काढलेला असतो. सासरच्या नव्या वस्त्रांतले सात धागे उपसून, त्यांचा पीळ करून मिन्नु त्यांत ओंवतात. तान्ह्या मुलाच्या जिभेस सोनें उगाळून मध लावतात. देवळापुढें दीपमाळेसारखा ध्वजस्तंभ असतो. लग्नप्रसंगीं 'मार्गंकळी' नांवाचा खेळ खेळतात. मधोमध समई आणि भोंवतीं बारा जण, बारा शिष्यांच्या संख्येचे. गाणें थॉमसच्या प्रवासाचें. गुंदफराच्या वाड्याची गोष्ट त्यांत आहेच.

गुड फ्रायडेच्या आदल्या गुरुवारीं संध्याकाळीं या घरांतून तांदूळ व उडीद यांची, न आंबविलेली भाकरी वाफवितात. तिजवर झावळीच्या पात्यांचा लहानसा क्रूस ठेवतात. सोबत गूळ व नारळाचें दूध. सगळें कुटुंब एकत्र बसून प्रार्थना झाल्यावर घरचा कर्ता पुरुष भाकरी मोडतो आणि वडिलांपासून धाकट्यापर्यंत वयाच्या क्रमानें एकेक तुकडा हातीं देतो. मुलांनीं दोन्ही हात पुढें करून तो घ्यावयाचा. वर्षांत घरीं मृत्यु झाला असेल तर त्या घरीं ही भाकरी करीत नाहींत. त्या दिवशीं शेजारचीं किंवा भाऊबंदांचीं माणसें आपल्या घरची भाकरी घेऊन तेथें जातात.